पोचल्याचा फोन

आईचे गुडघे दुखतात म्हणून माझा भाऊ यज्ञेश अमेरिकेहून दोन यंत्रं घेऊन आला होता, घरभर आपोआप फिरणारी. एक केर ओढून घ्यायचं, दुसरं फरशी पुसायचं. तो आला त्याच आठवड्यात आई गेली. खोकी उघडली ती तेराव्यानंतर.

परत जाताना सकाळी रिक्षात बसून तो म्हणाला, “ताई, दोन्ही लावून बघ. कुठलं बरं ते फोनवर सांग. आणि ती केरसुणी टाक गो आता, माझ्याहून म्हातारी असेल.”

“तू आधी गाडी पकड,” मी म्हटलं.

बॅगा उचलायला तो बुटांसकट आत आला होता. त्या लाल मातीपाशी मी केर काढायचं यंत्र ठेवलं, बटण दाबायला वाकले आणि थांबले. घरातलं कोणी प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आई केर काढत नसे. मी मुंबईत नोकरीला होते, तेव्हा माझा फोन येईपर्यंत घर तसंच राही. तिला नेलं त्या दिवशी मात्र शेजारणींनी लगेच घर झाडून, धुऊन घेतलं. रीतच आहे तशी. मी नुसती बघत उभी होते.

संध्याकाळी दादरहून फोन आला.

“मग? कुठलं बरं?”

“अजून लावलं नाही.”



“आता काढ केर, ताई,” तो म्हणाला. “पोचलो मी.”