सूचाऊची हौस कुणाची

सूझेनने आपल्या वाडग्यातला मांसाचा जाड तुकडा काड्यांनी उचलला आणि न विचारता ग्वेलानच्या नूडल्सवर ठेवला.

"खा. तुला आवडतो."

ग्वेलान तिच्याकडे बघतच राहिली. पन्नास वर्षांच्या ओळखीत या बाईने कुणाला साधी शेंगही सोलून दिली नव्हती. शांघायच्या एकाच गल्लीत दोघींचे संसार झाले, एकाच नळावर भांडणं झाली, आणि भांडणात सूझेन कधी एक शब्दही कमी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज मात्र सकाळी सूचाऊला येताना गाडीत तिने खिडकीची जागासुद्धा सोडली होती.

"तुझं पोट बिघडलंय का?" ग्वेलानने विचारलं.

"माझं कशाला बिघडेल? तू खा गुपचूप."

तिसरी मेईबाओ, दोघींपेक्षा सात वर्षांनी लहान, वाडग्यात तोंड खुपसून बसली होती. एरवी हिची टकळी बंद पडावी म्हणून शेजारपाजारचे नवस बोलायचे.

पाणी कुठंतरी मुरत होतं. ग्वेलानने एकतीस वर्षं रुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली होती, त्यामुळे तिथली रीत तिला तोंडपाठ होती. मोठं दुखणं निघालं की कागद रोग्याच्या हातात जायचा नाही, मुलांच्या हातात जायचा. मुलं जिन्यात रडून घ्यायची, तोंड धुवायची आणि आत येऊन म्हणायची, "आई, जठराला जराशी सूज आहे." मग ग्वेलानही म्हणायची, "सूजच आहे हो, आजी." किती जणांना म्हणाली, देव जाणे. त्यानंतर घरची माणसं एकाएकी गोड व्हायची. जन्मभर तोंड फिरवलेली सून पाय चेपायला बसायची. शहाणा रोगी काय ते त्या गोडव्यावरूनच ओळखायचा.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्या वयस्कर माणसांची तपासणी झाली होती. ग्वेलानचा कागद मुलाकडे होता. "सगळं ठीक आहे, आई," एवढंच तो म्हणाला, कागद काही दाखवला नाही. वर परवा आपण होऊन आला. "मैत्रिणींबरोबर सूचाऊला जाऊन ये ना. तिकिटं मी काढतो." या मुलाने आईला कधी कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा नेलं नव्हतं.

खाणं झाल्यावर तिघी कालव्याच्या कडेने निघाल्या. ग्वेलानने खडा टाकून पाहिला.

"सूझेन, तुझ्या लेकीच्या लग्नातलं बदक आठवतं? कच्चं होतं."

त्या बदकावरून दोघी आठ महिने बोलल्या नव्हत्या.

"असेल बाई," सूझेन म्हणाली. "आण ती पिशवी इकडे. मी धरते."

बदक कच्चं होतं हे सूझेन कबूल करते, म्हणजे आपलं दुखणं साधंसुधं नव्हतं, ग्वेलानने ताडलं.

"तुला यायची एवढी हौस, म्हणून मी आले," सूझेन म्हणाली. "नाहीतर कोण पडतंय घराबाहेर?"

ग्वेलानला मेईबाओने उलटंच सांगितलं होतं: सूझेनचा जन्म सूचाऊचा, तिलाच आपलं गाव बघायचंय. दोघींपैकी एकीला थाप मारली होती, हे उघड होतं.

नावेत बसल्यावर सूझेनने आपली शाल काढून ग्वेलानच्या गुडघ्यांवर घातली. नाववाली गात होती, पण ग्वेलानचं लक्ष आपल्याच बरगडीखाली होतं. तिथं दुखतंय का? कालपर्यंत दुखत नव्हतं, आता दुखू लागलं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. फसवायचं तर कुणाला, मला?

पलीकडे उतरल्यावर सूझेन आपलं जुनं घर शोधायला गल्लीत शिरली. ग्वेलानने मेईबाओचं मनगट पकडलं.

"जठर की यकृत?"

"काय गं बोलतेस, ताई!"

"एकतीस वर्षं मी हेच नाटक केलंय, मला शिकवू नकोस. किती महिने राहिलेत माझे?"

मेईबाओचं तोंड वेडंवाकडं झालं. "तुला काही झालं नाही गं. तुझा कागद तुझ्या लेकाने कुठंतरी हरवलाय, सांगायला घाबरतो. आजारी सूझेनताई आहे. स्वादुपिंडाचं दुखणं. नवं वर्ष बघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिच्या लेकीला वाटलं, एकदा गाव बघू दे, आणि बरोबर तू असलीस तर वाटेत धीर राहील. तुझ्या लेकाला तिकिटं काढायला तिनंच सांगितलं. पण सूझेनताई यायलाच तयार होईना. मग मी..." ती थांबली. "मी तिला सांगितलं, ग्वेलानताई फार आजारी आहे आणि तिला ठाऊक नाही. सूचाऊ बघायची तिची शेवटची हौस आहे. ऐकल्याबरोबर पिशवी भरायला उठली."

ग्वेलानचा जीव भांड्यात पडला. आणि आपण सुटलो म्हणून इतकं बरं वाटलं, याची तिला लगेच शरम वाटली. सकाळपासून ती गोडवा मोजत बसली होती. सूझेनचे डोळे पिवळट दिसत होते, कोट अंगावर लोंबत होता, मांसाचा तुकडा तिला बहुतेक गिळवतही नव्हता. यातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं. आणि म्हणे परिचारिका.

सूझेन परतली. "घर पाडलं. चहाचं दुकान झालंय तिथं. घाटाच्या पायऱ्या तेवढ्या आहेत, आई तिथं तांदूळ धुवायची." मग तिने ग्वेलानकडे नीट पाहिलं. "डोळ्यांत पाणी का? दुखतंय का कुठं?"

"जरा दम लागलाय," ग्वेलान म्हणाली.

"मग सांगायचं नाही का आधी? ये, धर मला. टाक भार, लाजू नकोस."

स्टेशनाकडे जायला कमानीचा उंच पूल चढायचा होता. ग्वेलानने सूझेनच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला नुसतं हाड लागलं. तिने भार टाकल्यासारखं केलं आणि सगळं वजन आपल्याच गुडघ्यांवर तोलत ती चढू लागली. चार पायऱ्या झाल्या की सूझेनला धाप लागायची.

"थांब गं," ग्वेलान म्हणायची, "मला नाही चढवत."

आणि सूझेन तिच्यासाठी थांबायची.