खालचे चार दात

दातवालीच्या दवाखान्यातून पेशंट पळून जायला लागले, आणि त्याला कारणही तसंच होतं. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या माणसाला आतून "आई गं, मेलो, मेलो" असं ऐकू आलं की तो मनाशी म्हणायचा, आपली दाढ काही एवढी दुखत नाहीये बुवा. आणि चपला घालून चालू पडायचा. सुरुवातीला तिने दारात येऊन सांगून पाहिलं, "अहो, दाताचं नाही ते. माझे वडील आहेत आत." त्यावर एक बाई म्हणाली, "अगं बाई, वडिलांना तरी जरा जपून धरायचंस!" तेव्हापासून तिने सांगणंच सोडलं.

वडील मागच्या खोलीत होते. घर वरच्या मजल्यावर, पण जिना चढण्याचे त्यांचे दिवस संपले होते, म्हणून दवाखान्यामागच्या सामानाच्या खोलीत खाट टाकली होती. दुखणं मणक्यात शिरलं होतं. ते बरं होणारं नव्हतं हे बापलेकींना ठाऊक होतं, त्यावर एकदा रडूनही झालं होतं. आता उरला होता एकच प्रश्न. जायचं ते ओरडत की निवांत?

निवांत जाण्यासाठी थेंब होते. जिभेखाली टाकायचे, कडूजहर, पण थोड्या वेळात माणूस माणसात यायचा. अफूपासून केलेले ते थेंब लिहून द्यायचा अधिकार गावात एकाच डॉक्टरला होता, खास नोंदणी केलेल्या. आणि तो बिचारा स्वतःच छाती धरून मोठ्या हॉस्पिटलात जाऊन पडला. बाटली संपली. बदली डॉक्टर सोमवारी येतील, असं आरोग्य खात्याच्या ऑफिसातून सांगत होते. कुठल्या सोमवारी, ते कोणी सांगत नव्हतं.

गावातल्या बाकीच्या डॉक्टरांनी हात वर केले. "आम्ही लिहिलं तर औषधवाला देणार नाही. आणि दिलंच, तर दोघंही आत जाऊ." पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात आणा, म्हणाले. आणायला काय, ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर उंबऱ्यावर जरासं हिंदकळलं मात्र, बाबा असे किंचाळले की उचलणाऱ्या दोघांनी कोणाला न विचारता त्यांना परत खाटेवर ठेवलं. त्यातला एक जण बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आता गंमत बघा. ही बाईही डॉक्टरच. पांढरा कोट, सुया, शिक्का, सगळं कायद्याने दिलेलं. जबड्यात इंजेक्शन देऊन कोणाचंही अर्धं तोंड बधिर करायला तिला परवानगी लागत नव्हती. पण तिथून हातभर खाली, स्वतःच्या बापाच्या पाठीशी, तिची हद्द संपत होती. तिला फार तर एक करता येत होतं. दात काढला, तर तीन दिवसांच्या जोरदार गोळ्या लिहिता येत होत्या. थेंबांची सर त्यांना नव्हती, पण तेवढ्याने ओरडण्याचं कण्हणं झालं असतं.

"मी लिहिते," ती म्हणाली. "दात काढला असं लिहिते आणि गोळ्या आणते. कोण बघायला येतंय?"

बाबांनी डोळे उघडले. "मी जायचो बघायला," ते म्हणाले.

खरंच जायचे. बाबा जन्मभर औषध निरीक्षक होते. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की औषधवाले घाईघाईने वह्या काढून बसायचे. एकदा एका दंतवैद्याच्या चिठ्ठ्यांवर ह्याच गोळ्या भरमसाट खपताना दिसल्या, तेव्हा बाबांनी पेशंटची घरं गाठली, बॅटरी पेटवली आणि म्हणाले, आ करा. बघतात तर काय, दात हजर! लिहिलंय उपटला, आणि तोंडात पठ्ठ्या शाबूत. त्या दंतवैद्याची पाटी उतरली ती कायमची.

"अजून तसंच करतात," बाबा म्हणाले. मध्येच कळ आली, ती ओसरेपर्यंत त्यांनी खाटेची दांडी धरून ठेवली. "माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं आहेत ती. माझ्या नावाची चिठ्ठी दिसली की आधी इथेच येतील. मी चार दिवसांचा पाहुणा. तुझी पाटी कशाला घालवायची?"

"गेली खड्ड्यात पाटी!"

"ती तू लावलीस तेव्हा रस्त्यात उभा राहून मी कितीदा वाचली होती, ठाऊक आहे?"

"मग बसा ओरडत!" ती म्हणाली, आणि दार आपटून बाहेर गेली. हात धुतले. धुतलेले हात पुन्हा धुतले. भिंतीपलीकडून तो आवाज आला, आणि तिला वाटलं, आपलीच जीभ उपटून टाकावी. ती परत आत गेली.

"दात काढ," बाबा म्हणाले.

"काय?"

"वरची कवळी तू केलेली. खालचे चार आहेत ना माझे स्वतःचे? त्यातला एक काढ. खरा काढ, खरं लिही, खऱ्या गोळ्या आण."

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागेल आता. दुखण्याने लागेल. त्याच्या आत काढ."

पहिला दात हलतच होता. आज ना उद्या पडलाच असता, अशी तिने मनाची समजूत घातली. कपाळाला दिवा बांधला, खाटेशी गुडघ्यावर बसली, सुई दिली, चिमट्याने धरला, निघाला. तोंडात बोळा धरलेले बाबा हात पुढे करून म्हणाले, "बगू." तिने दात त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. पुरावा पटला. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली, नाव वाचलं आणि नुसतं "साहेबांचा?" एवढं विचारून गोळ्या पुढे केल्या. ती म्हणाली, "हो." खरं बोलताना एवढी लाज वाटते हे तिला माहीत नव्हतं.

त्या दिवशी बाबा झोपले. उठून पेज प्यायले, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने उसनी नेलेली छत्री अजून परत केली नाही म्हणून त्याला यथेच्छ शिव्याही घातल्या. तिला वाटलं, काढूया हे दिवस.

गोळ्या संपल्या. ऑफिसात फोन केला, सोमवारी येतील म्हणाले. दुसरा दात काढला. तोही थोडा हलत होता. गोळ्या संपल्या. सोमवार येऊन गेला, डॉक्टर आला नाही. तिसरा दात मात्र चांगला होता. घट्ट, स्वच्छ, शंभरातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडात असतो तसा. तिने आयुष्यात कितीतरी दात वाचवले होते, रडणाऱ्या पेशंटला दटावून वाचवले होते, आणि आता निरोगी दात उपटत होती, तोही बापाचा. मास्कच्या आत तिच्या नाकातून पाणी गळत होतं. बाबांनी तिच्या कोपरावर थोपटलं.

"काही कळत नाही गं मला जबड्यात. छान बधिर करतेस तू. हेच जरा पाठीला करता आलं असतं ना..."

"बोलू नका, बाबा. आ करा."

उरला चौथा. सुळा. सुळ्याचं मूळ खोल असतं, ओढताना सगळं डोकं हलतं, आणि त्या हलण्याने पाठीचं काय होईल ते तिला न सांगता कळत होतं. शिवाय हा गेला की पुढे काय? कुठलं हाड काढायचं मग? तिने सुई दिली. चिमटा हातात घेतला, दाताला लावला. आणि हात पुढे जाईचना. ह्याच दाताने बाबा तिचं दप्तर शिवताना दोरा तोडायचे. कात्री समोर असली तरी दातानेच.

तिने चिमटा ट्रेमध्ये टाकला, चांगला आवाज करून. बोळा दाबला. "झालं, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. "बगू."

तिने काढलेले दात ठेवलेल्या वाटीतला तिसरा दात उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. चाळीस वर्षं ज्याला कोणी फसवू शकलं नाही, तो माणूस त्या दाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मान हलवली.

तिने चिठ्ठी लिहिली, गोळ्या आणल्या, एक त्यांना दिली. दुपार कलली तेव्हा त्यांनी हाक मारली. तोंडाचा बधिरपणा उतरला होता. जीभ काय, जायची तिथे गेलीच होती.

"खोटं लिहिलंस."

"लिहिलं."

तिला वाटलं, आता पुढची गोळी घेणार नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे. आता कोणी आलं, तर मी आ करणार नाही. मेलो तरी नाही."

"नका करू," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर डोकं टेकून रडली.

शेवटची गोळी संपल्यावर दुखणं व्याजासकट वसूल करायला आलं. बाबांना माणसं नीट ओळखू येईनात. आणि अशात, बुधवारी, बदली डॉक्टरीण आली. तरुण, दमलेली, पाच ठिकाणं करून आलेली. पिशवीत थेंबांची बाटली. दातवालीला तिचे पाय धरावेसे वाटले.

"आजोबा," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने बॅटरी पेटवली. "आ करा बघू."

बाबांनी बॅटरीकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. आणि ओठ घट्ट मिटले.

"आजोबा, औषध आहे. दुखणं थांबेल. आ करा."

त्यांनी मान हलवली. नाही. कळ आली, अंग धनुष्यासारखं ताणलं, कपाळावर घाम फुटला, नाकातून नुसता हुंकार निघत राहिला. तोंड उघडलं नाही.

"बाबा, ह्या डॉक्टर आहेत! निरीक्षक नाहीत!" दातवाली ओरडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती. तू घाबरू नकोस, असं ते डोळे तिला सांगत होते.

डॉक्टरिणीने ओठांच्या कडेने गालात बोट घालून पाहिलं, मग मागे सरली. "जबडा आवळलाय. असे थेंब जायचे नाहीत. इंजेक्शन मागवते, पण यायला संध्याकाळ होईल." ती थांबली. "असं का करताहेत हे?"

का ते एकाच माणसाला माहीत होतं. संध्याकाळ! इथे एकेक श्वास निघत नव्हता. दातवालीने थेंबांची बाटली उचलली, नळी भरली आणि बापाच्या उशाशी बसली.

"बाबा, ऐका. मी ह्यांना सांगतेय. डॉक्टर, शेवटच्या चिठ्ठीवर मी दात काढला असं लिहिलंय. काढलेला नाही. तो तोंडात आहे. खोटं लिहून गोळ्या घेतल्या. ऐकलंत, बाबा? सांगून टाकलं. आता लपवायचं काही उरलं नाही."

"गप्प बस!" बाबा ओरडले. "मूर्ख मुली, गप्प—"

तोंड उघडलं. तिचा अंगठा सवयीने दाढांच्या जागी गेला, जबडा धरला गेला, आणि थेंब जिभेखाली पडले. बॅटरीच्या उजेडात तो एकटा सुळा स्वच्छ दिसत होता. डॉक्टरिणीने तो पाहिला.

हळूहळू खाटेची दांडी धरलेली बोटं सुटली. बाबांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. ते दुखण्याचं नव्हतं.

"मला हे कळवावं लागेल," डॉक्टरीण हलक्या आवाजात म्हणाली.

"कळवा. आधी रात्री किती थेंब द्यायचे ते लिहा."

डॉक्टरीण लिहायला बसली. दातवाली पुढच्या खोलीत आली. बाहेरच्या बाकावर एक माणूस गाल धरून बसला होता. आवाज थांबला म्हणून तो पळायचा राहिला होता.

"बाई, येऊ का आत?"

तिने हात धुतले, आणि काचेवरच्या आपल्या नावाच्या उलट्या अक्षरांकडे पाहिलं.

"या," ती म्हणाली. "पाटी आहे तोवर या."