खाडीकाठचा फॅमिली डे

हमिदाला दोह्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण शहर तिनं पाहिलं होतं ते गाडीच्या काचेतून. अल हिलालचा फ्लॅट, लेक सुमैयाची शाळा, सुपरमार्केट, की परत फ्लॅट. नवरा जाफर एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला. शुक्रवारी नमाजाहून आला की जेवायचा आणि ताणून द्यायचा. त्यामुळे २००३ च्या डिसेंबरात तिचा धाकटा भाऊ जियाद फोनवर "या शुक्रवारी येतो, आपा" म्हणाला, तेव्हा तिनं ठरवूनच टाकलं. घरात बसायचं नाही. लाँची लागतात त्या धक्क्यापासून पाण्याच्या कडेकडेनं जी फरसबंद वाट जाते, ती शेवटपर्यंत चालायची. समुद्र तिथं आत वळून आलेला. हमिदा दाभोळच्या खाडीवर वाढलेली, ती त्याला खाडीच म्हणायची.

जियादला इथं येऊन वर्ष होत आलं होतं. पलीकडच्या काठावर उंच इमारती उठत होत्या, त्यांच्यावर परांच्या बांधायचं त्याचं काम. राहायला शहराबाहेरच्या कामगारांच्या कॅम्पात. दर शुक्रवारी तो "दमलोय" म्हणायचा आणि हमिदा चिडायची, "बहिणीचं घर तुला लांब पडतं होय रे!"

दुपार कलल्यावर चौघं निघाली. जियादनं नवा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी मोडली नव्हती. धक्क्यावर जाळी वाळत पडली होती, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. जियादनं वाकून खालच्या दगडांवरचा ओला पट्टा पाहिला.

"ओहोटी लागली गो आपा."

ती खळखळून हसली. इतक्या वर्षांत या पाण्याला भरती-ओहोटी असते हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका बाजूला जुन्या बाजाराची बसकी घरं, मशिदींचे मनोरे. समोर पाण्यापलीकडे क्रेनांच्या दांड्या. जियाद सुमैयाला बोटानं दाखवत होता, "ती अर्धवट काचेची दिसते ना, ती माझी." सुमैया म्हणाली, "वाव, मामा, सो हाय!" शहर असं पायाखालून हळूहळू पुढं सरकत होतं आणि हमिदाला पहिल्यांदाच वाटलं, आपण इथं राहतो.

पुढं वाट एका हिरवळीतून जात होती. तिथं दोरी बांधलेली आणि दोरीपाशी युनिफॉर्ममधला गार्ड. जाफर, हमिदा, सुमैया यांच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. जियादपुढं मात्र हात आडवा केला.

"आज फैमिली डे है. बैचलर अलाउड नहीं."

"भाई है मेरा," हमिदा म्हणाली.

गार्डनं जियादच्या उन्हानं करपलेल्या मानेकडं पाहिलं, भेगाळलेल्या हातांकडं पाहिलं. "सब यही बोलते हैं, मैडम."

हमिदा तोंड उघडणार, तोच जाफरनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "जियाद, तू जरा गाडीत बस. आम्ही एक चक्कर मारून आलोच."

जियादनं किल्ली घेतली. जणू त्याला ठाऊकच होतं, हे असंच होणार. हमिदाच्या अंगाची आग झाली.

"गाडीत बस? कुत्रं आहे का तो, काच खाली करून ठेवायला?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! माझ्या आईच्या पोटचा तो, आणि या गार्डला पुरावा हवा? याला तरी पोटासाठी उभं राहावं लागतं. तुम्हाला काय धाड भरली होती?"

"ममा, प्लीज," सुमैया कुजबुजली, "एव्हरीवन इज स्टेअरिंग."

हमिदानं भावाच्या हातातली किल्ली काढून नवऱ्याच्या हातात आदळली आणि जियादचं मनगट धरून ती रस्त्याच्या कडेला उतरली. हिरवळीला कुंपणाची झुडपं होती. आत फरसबंद वाटेवरून जाफर आणि सुमैया, बाहेर गाड्यांच्या धुरात ही दोघं.

"हात सोड, आपा," थोडं चालल्यावर जियाद म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "तुझा राग तुझ्यापाशी ठेव. उद्या कुणी कंपनीत कळवलं तर परतीच्या विमानात मला बसवतील, तुला नाही."

"म्हणून ऐकून घ्यायचं?"

"मी रोजच ऐकतो! शुक्रवारी का येत नव्हतो, वाटलं तुला? दमतो म्हणून? ईदेच्या दिवशी मॉलच्या दारातून मला ढकलून काढलं. आत जाफर दुल्हाभाई उभे होते, ऑफिसातल्या कुणा देवव्रतबरोबर. मी हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि सरकत्या जिन्यावर चढून गेले. नंतर फोन आला त्यांचा. हमिदाला बोलू नको म्हणाले."

हमिदाला ती ईद आठवली. ईदेच्या दिवशी जियाद आला नाही म्हणून ती रडली होती, आणि जाफर तिला समजावत बसला होता, "तरुण पोरं, रमतात मित्रांत."

कुंपण संपलं तिथं जाफर सुमैयाला घेऊन उभाच होता. तिनं सरळ विचारलं, "ईदेला मॉलमध्ये याला ओळख दिली नाहीत, खरं?"

जाफरनं आधी जियादकडं पाहिलं, मग पाण्याकडं. "देवव्रत नुकताच माझा सीनियर झाला होता. घाबरलो. याला तेव्हाच सॉरी..."

"सॉरी नाही म्हणालात," जियाद म्हणाला. "गप राहा म्हणालात. जाऊ दे, खलास."

"खलास नाही!" हमिदा म्हणाली. "इथून पुढं दोरी नाही, गार्ड नाही. तुम्ही याच्या शेजारून चालायचं. शेवटापर्यंत. मी मागून येते."

"गाडी तिकडं राहिली..."

"राहू दे."

जाफर चालू लागला. मेहुण्यापासून हातभर अंतर ठेवून, मान खाली घालून. सुमैया आईला मागं ठेवून पुढं गेली आणि मामाच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागली. चांगली वाट होती, वारा होता, पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि हमिदाला त्यातलं काही गोड लागत नव्हतं.

वळणावर समोरून एक जोडपं आलं. त्यातला पुरुष हात हलवत म्हणाला, "अरे जाफर! वॉकला? कमाल आहे!" देवव्रतच तो. त्यानं जियादकडं प्रश्नार्थक पाहिलं.

जाफर घुटमळला. मग पुटपुटल्यासारखं म्हणाला, "हा... मेहुणा माझा."

"काय?" देवव्रतनं कान पुढं केला.

मागून हमिदाचा आवाज आला, "मोठ्यानं सांगा."

जाफरचे कान लाल झाले. त्यानं जियादच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा आखडलेलाच होता. "हा जियाद," तो म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हमिदाचा सख्खा भाऊ."

देवव्रतनं हात पुढं केला. जियादनं तो घेतला, पण जाफरकडं बघितलं नाही. हमिदानंही नाही.