बिशपला हात लावायचा नाही

हालवर नेसेटने आयुष्यात वचनं फार दिली नव्हती, पण दिलेलं कधी मोडलंही नव्हतं. सप्टेंबरात दवाखान्यातून घरी आणलेल्या मारितने, त्याच्या एकुलत्या एका लेकीने, पांघरुणातून काडीसारखा हात बाहेर काढला आणि ती म्हणाली, "बाबा, यंदा बिशपला हात लावायचा नाही हं. त्याला म्हातारा होऊ दे." हालवरने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन हो म्हटलं. चौथ्या दिवशी ती गेली.

बिशप म्हणजे त्यांच्या रानातला हरणाचा नर. गळ्यावर एकाखाली एक दोन पांढरे पट्टे आणि चाल अशी संथ, की मागून सगळी मंडळी येणारच आहेत याची खात्री असावी. म्हणून मारितने ठेवलेलं हे नाव. डावा कान काटेरी तारेत फाटलेला. चार वर्षं ती धनुष्य घेऊन मचाणावर बसली, तो खालून गेला, आणि बाण न सोडता घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ती त्याच्याच गोष्टी सांगत राहिली.

हालवरने डोळ्यांत तेल घालून राखण केली. बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस त्याने सख्ख्या भावालाही रानात पाऊल टाकू दिलं नाही. भाऊ रुसला तो रुसलाच. शेजारचा वेंडेल मात्र चेष्टेवारी न्यायचा.

"अरे, असली शिंगं देवाने काय नुसती बघायला दिली?"

"हो. नुसती बघायला."

"म्हणजे तू आता शिकारी नाहीस. बिशपचा घंटा वाजवणारा झालास!"

"झालो. तुझं काय जातंय?"

दर रविवारी चर्चहून आला की हालवर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो बघे आणि बिशप दिसला की बायकोला, सिग्नेला, हाक मारी. लेक गेल्यापासून त्या घरात बोलणं आटलं होतं. मारितचं नाव ओठांवर आलं की दोघांपैकी कुणीतरी काहीतरी काम काढून उठायचं. फोटो मात्र दोघं खांद्याला खांदा लावून पाहत. "बरा दिसतोय," सिग्ने म्हणे. "बरा आहे," तो म्हणे. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

जानेवारीच्या अखेरीस, धनुष्याच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, सिग्ने म्हणाली, "फ्रीजरमध्ये हरणाच्या मांसाचं एकच पुडकं उरलंय. त्यावर मारितच्या हातची तारीख आहे. ते मी शिजवणार नाही. आज एखादी मादी मिळते का बघ."

पाच महिन्यांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. हालवर दुपारीच निघाला.

मचाणावर बसल्या बसल्या मिशीचं बर्फ झालं. उजेड कलायला लागला तसं मक्याच्या शेतात एक हरीण उतरलं. थोराड, एकटं, बिनशिंगाचं. बर्फाखालच्या धसकटांतून कणसं हुडकत त्याने डोकं खाली घातलं होतं, उजवी कूस हालवरकडे. हिवाळा सरता सरता नरांची शिंगं गळून पडतात, हे हालवरला सात वर्षांचा होता तेव्हापासून ठाऊक. या दिवसांत जाणता शिकारी जनावर डोकं वर करीपर्यंत थांबतो, कपाळावर गळलेल्या शिंगांच्या खुणा आहेत का बघतो. पण गेल्याच रविवारच्या फोटोत बिशपची दोन्ही शिंगं शाबूत होती. जुनी हरिणी आहे, असं मनाने ठरवून टाकलं. सिग्नेचं मागणं पुरं होणार, एवढंच त्याला दिसत होतं. बाण सुटला आणि खांद्यामागे, लागायला हवा तिथेच लागला.

हरीण उडी घेऊन झाडीत गेलं. लगेच मागे धावलं तर घायाळ जनावर कोसभर पळतं आणि त्याचे हाल होतात. म्हणून अर्धा तास बसून राहायचा नेम त्याने पाळला. तेवढ्यात वेंडेलला फोन केला.

"बर्फावर ओढायची घसरगाडी घेऊन ये रे. माझ्या पाठीच्याने ओढवणार नाही."

"शेवटच्या दिवशी? बिशपचाच आशीर्वाद म्हणायचा!"

"मादी आहे."

रक्ताचा माग साठ पावलांवर संपला. सीडरच्या झाडाखाली ते पडलं होतं. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे हालवरने टोपी काढली, देवाचे आभार मानायला लागला, आणि शब्द अर्ध्यातच राहिले. गळ्यावर एकाखाली एक दोन पांढरे पट्टे. कान फाटलेला. कपाळावर रुपयाएवढ्या दोन ओल्या जखमा. शिंगं गळून एखाददुसरा दिवसच झाला असेल.

वेंडेल गाडी ओढत आला तेव्हा हालवर बर्फात गुडघ्यांवर बसला होता.

"काय रे, पापं कबूल—" वेंडेलने पाहिलं. त्यानेही टोपी काढली. "कायद्याने चूक नाही, हालवर. बिनशिंगाचं हरीण. परवाना त्याचाच आहे."

"मला कायदा नको सांगूस."

"नाही सांगत." त्याने हातमोजा काढून उघडा हात हालवरच्या पाठीवर ठेवला. "सिग्नेशी मी बोलू?"

"नको."

रिवाजाप्रमाणे तिथेच पोट फाडून आतडी काढायला हालवरचा हात धजेना. दोघांनी ते तसंच घरी ओढत नेलं. वेंडेल फाटकातूनच परतला.

सिग्ने ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. शेतकऱ्याची लेक, तिला काही सांगावं लागलं नाही. ती खाली बसली आणि तिने त्या कपाळावर तळवा ठेवला.

"मी थांबलो नाही," हालवर म्हणाला. "त्याने एकदा मान वर करीपर्यंत थांबायचं होतं. नाही थांबलो."

"मीच पाठवलं तुला."

"बाण माझा होता, सिग्ने."

"मीच म्हटलं, मादी आण." मग हलकेच, जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय, "तिला काय सांगायचं आता?"

तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

मांस वाया जाऊ देणं पाप. सिग्ने उठली, सुऱ्या घेऊन आली. गोठ्यात दिवा लावून त्यांनी बिशपला तुळईला टांगलं. ती पाय धरून उभी राहिली आणि तो कातडं सोडवत गेला. मारित लहान असताना हे काम आपण तिघं मिळून करायचो, असं सिग्ने म्हणाली आणि या वेळी कुणी उठून गेलं नाही. डोळे वाहत होते ते वाहत होते. हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले, त्यामुळे दोघांनाही ते पुसता येईनात.