दुसरी शेगडी

गल्लीत शिंपीणबाईंचा तोरा काही विचारू नका. दारात नवऱ्याचं शिवणयंत्र, आणि मागच्या खोलीत सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेली एक बाई आणि तिच्या दोन मुली. दोन वर्षं झाली तरी सगळे तिला पाहुणीच म्हणायचे. "अख्खं बिऱ्हाड पोसतेय मी," हे शिंपीणबाई समोरच्या इस्त्रीवालीला खिडकीतून आठवड्यातून चारदा तरी ऐकवायच्याच.

याच तोऱ्याने गेल्या वर्षी घात केला. निर्वासित कसे राहतात, त्यांना जागा देणारे कसे राहतात, याची पाहणी करायला एक माणूस आला होता. बाईंनी त्याला ठसक्यात सांगितलं, "माझ्याच चुलीवर जेवतात हो!" आता त्या पाहणीचा नियम असा, की एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. झालं! पाहुणी आणि तिच्या पोरी शिंप्याच्या कुटुंबात जमा. वेगळं कुटुंब नाही म्हणून निर्वासितांचं कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून थोरलीचा नर्सिंगचा प्रवेश हुकला. पोरगी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. ते आठवलं की बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे.

यंदा पाहणीवाले पुन्हा येणार असं कळलं आणि बाईंनी पदर खोचला. इस्त्रीवालीकडून जुनी शेगडी मागून आणली, मागच्या खोलीत मांडली, पेटवली आणि वर हे एवढं मोठं पातेलं चढवलं.

"विचारलं तर सांगायचं, आमची चूल वेगळी."

"पण ताई, पातेल्यात घालू काय?" पाहुणीने विचारलं.

"पाणी घाल. वर झाकण आहे ना! कोण बघतंय?"

पाहणीला आलेली मुलगी कोवळी होती, हातात टॅब होता, पण नजर मोठी पक्की. तिने आल्या आल्या झाकणच उचललं.

"मावशी, हे काय शिजतंय?"

"चहा," शिंपीणबाई बेधडक म्हणाल्या.

"एवढा?"

"पाहुणे यायचेत."

"बरं. आणि मीठ कुठे ठेवता?"

पाहुणी सवयीने उठली, पुढच्या स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. दारापाशी पोचल्यावर तिला उमगलं आणि ती तिथेच थिजली. शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. पाहणीवाल्या मुलीला हसू आवरेना. खिडकीतून इस्त्रीवालीही फिदीफिदी हसली, कारण इस्त्री बाजूला ठेवून ती मघापासून तिथेच उभी होती.

"मावशी, मला खोटं भरता येत नाही," मुलगी म्हणाली. "वरून कुणी तपासायला आलं तर माझी नोकरी जाईल. पण एक सांगते. चुलीच्या नियमाला एक अपवाद आहे. चूल कुणाचीही असो, जी बाई स्वतःच्या कमाईचा शिधा भरते तिचं कुटुंब वेगळं धरतात. या घरात पीठ-तेल कोण आणतं?"

"ताईच आणतात," पाहुणी चटकन म्हणाली. "सगळं त्याच बघतात."

खरं काय ते घरातल्यांनाच ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी शिंप्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सुईत दोरा ओवणं बंद झालं. यंत्रावरचं कापड तेव्हापासून नुसतं दाखवायला होतं. पाहुणी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबायची, आणि घरातलं पीठ, तेल, डाळ तिच्याच पिशवीतून यायचं. खिडकीतल्या बढाया तिने कितीदा ऐकल्या असतील! पण कधी चकार शब्द काढला नाही, आणि आताही पोरीच्या कार्डावर पाणी सोडून ती बाईंचीच अब्रू झाकत होती. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "शिधा ती भरते. आठ महिने झाले."

"ताई, अहो—"

"तू गप गं! माझ्या फुशारकीने पोरीचं एक वर्ष गेलं. आणखी एक घालवू का?"

खिडकीतलं हसणं थांबलं. मुलीने मान खाली घालून टॅबवर बोट फिरवलं. कुटुंबं दोन झाली. मग तिने शिंपीणबाईंच्या कुटुंबाचे प्रश्न काढले.

"गेल्या सात दिवसांत किती दिवस दुसऱ्या कुटुंबाकडचं जेवलात?"

शिंपीणबाई खिडकीकडे वळल्या आणि इस्त्रीवालीच्या डोळ्याला डोळा देऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सातही दिवस!"

"दोन्ही वेळा," यंत्रामागून शिंपी म्हणाला.

आता पाहुणीची पाळी. "तुम्हाला गेल्या सात दिवसांत दुसऱ्या कुटुंबाकडून काय मिळालं? अन्न, कपडे, औषध?"

पाहुणीने मिठाची बरणी अजून तशीच पोटाशी धरली होती. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"घर," ती म्हणाली. "सातही दिवस."

मुलीने यादी वरखाली केली. तसा रकाना त्यात नव्हता. मग तिने 'इतर' उघडलं आणि एकेक अक्षर जपून लिहिलं.