न निघणारं वॉर्निश

रंगाऱ्याची पाठ पुसणं हा त्याच्या बायकोचा रोजचा उद्योग. पठ्ठ्या भर उन्हात सदरा काढून काम करायचा आणि जे जे रंगवायचा त्याचा वाटा पाठीवर घेऊन यायचा. टर्पेंटाइनचं फडकं आणि तोंडाचा पट्टा, दोन्ही ती एकदमच चालवायची.

खांद्याखालचा एक तपकिरी ठिपका मात्र निघत नव्हता.

"कसलं मेलं हे वॉर्निश!"

"माझ्या हातचं आहे. निघेल कसं?" तो ऐटीत म्हणायचा.

मग पाय मुरगळून तो घरीच बसला. पाठ स्वच्छ झाली, ठिपका तसाच. तिने त्याला खिडकीपाशी ओढलं. ठिपक्याची कड वेडीवाकडी होती आणि एका बाजूने तो काळा पडला होता. "हे वॉर्निश नाही," ती म्हणाली.

"उगाच राईचा पर्वत करू नकोस," तो म्हणाला.

"करणार! दवाखान्यात चल, नाहीतर पाठ पुसायला दुसरी शोध."

तो मुकाट्याने गेला. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, ठिपका कापून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत दोघांनाही जेवण गोड लागेना. त्याने तर भांडणंसुद्धा बंद केली, त्यामुळे ती आणखीच घाबरली.

अहवाल आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा, वरच्यावरचा. सगळा निघाला होता.

"वेळेत पाहिलंत," बाई म्हणाल्या. "आता दर महिन्याला सगळं अंग बघायचं. तळपाय, मान, केसांखाली. दोघांनीही."

"वेळेत कसलं? मी त्याला वॉर्निश समजून घासत होते हो!" म्हणत ती तिथेच रडायला लागली. त्याने तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

घरी आल्यावर त्याने तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि चष्मा लावला. भिंतीचा पोपडा शोधावा तसा तो इंचाइंचाने बघत गेला. मानेवर, अंबाड्याखाली थांबला.

"इथे तीळ आहे. गोल आहे, एकाच रंगाचा. काळजीचा वाटत नाही. पण कधीपासून आहे गं?"

"मला काय ठाऊक? मला माझी मान दिसते का?"

त्याने तिचा अंबाडा हलकेच पुन्हा नीट बसवला.

"मला दिसायला हवी होती," तो म्हणाला.