खिडक्या मिटल्या तरी बोलणारे बाबा

दादाच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारचा शिंपी, समोरचा कंपाउंडर, सगळे तीन कॉम्प्युटरांपुढे हात जोडून उभे. मठातून आलेले पेनड्राइव्हबाबा डोळे मिटून म्हणाले, "सगळ्या खिडक्या स्वतःच्या हाताने बंद करा. मग ऐका."

दादाने पडद्यांवरच्या फुल्या भराभर दाबल्या. पडदे रिकामे झाले आणि तिन्ही यंत्रांतून आवाज आला, "मी अमर आहे. मला बंद करणारा जन्मला नाही."

शिंप्याने डोळे पुसले. "तीन वेगळ्या सिस्टिम, पण वाणी एकच," दादा पुटपुटला.

"ही यंत्रं आता कामाची नाहीत, पूजेची आहेत," बाबा म्हणाले. "आजच मठात नेतो."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. मुलांच्या पुस्तकांची चित्रं ती याच यंत्रांवर काढते. "अहो, मग मी काम कशावर करू?"

"देव दारात आलाय आणि तुला कामाचं पडलंय," दादा म्हणाला. मला त्याला टपली मारावीशी वाटली, पण मी पडलो धाकटा. गुपचूप जाऊन वहिनीच्या बहिणीला घेऊन आलो. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

तिने आल्या आल्या विचारलं, "भाऊजी, बाबांनी यंत्रांना काही लावलं होतं?"

"पेनड्राइव्ह. तिन्हींना. शुद्धीसाठी," दादा म्हणाला.

"तरीच. खिडकी मिटली म्हणजे प्रोग्राम थांबलाच असं नाही. तो पडद्यामागे चालू राहू शकतो. विंडोज, मॅक, लिनक्स, प्रत्येकावर त्याला मागे बसवायची रीत वेगळी, एवढंच. बाबांनी तिन्ही शिकून घेतल्या, तेवढं कौतुक आहे मला."

"हा प्राण आहे," बाबा गरजले. "हात लावाल तर जळाल."

तिने पहिल्या यंत्रावर चालू प्रोग्रामांची यादी उघडली. त्यात एक नाव होतं, 'अमरवाणी'. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर तिने काळ्या चौकटीत एक ओळ टाइप केली, तर तिथेही अमरवाणीच. बाबांना निदान नाव बदलायचा तरी कंटाळा यायला नको होता.

तेवढ्यात वाणी पुन्हा सुरू झाली. "मी अमर आ..." तिने यादीतली अमरवाणी बंद केली आणि पहिलं यंत्र गप्प झालं. "मला बंद करणा..." दुसरंही गेलं. तिसऱ्यापाशी तिने दादाला पुढे केलं. "हे तुम्ही करा, भाऊजी. जळालात तर मलम लावते."

दादाने डोळे घट्ट मिटून कळ दाबली. काहीच जळलं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा बाबा पेनड्राइव्हसकट पसार झाले होते.

दादाने वहिनीसाठी खुर्ची ओढली. "बस," तो खाली बघत म्हणाला. "तुझं चित्र अर्धं राहिलंय."

मंडळी, यंत्र आपल्याला न दिसता काही करू लागलं, तर आधी एवढंच विचारा: आत काय चाललंय आणि ते कोणी घातलं? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका. हात मोकळे असलेले बरे, कामाला येतात.